मुरमाच्या खदानीत साचलेलं पाणी कोणाचं? एका ई-क्लास जमिनीचं प्रकरण

रस्ता रुंद करायचा म्हटलं की भराव लागतो, भरावाला मुरूम लागतो आणि मुरूम निघतो गावाच्या ई-क्लास जमिनीतून, म्हणजे गुरं चारायला राखलेल्या सरकारी जमिनीतून. विदर्भात गेल्या काही वर्षांत किती गावांनी हे पाहिलं असेल. पोकलेन येते, टिप्परच्या रांगा लागतात, पांदण रस्त्याची चाळण होते आणि काम संपलं की मागे उरतो उभ्या भिंतींचा एक खड्डा. पहिल्या पावसाळ्यात तो भरतो. मग गावात कोणीतरी म्हणतं, चला, आयतं तळं झालं.

हे प्रकरण अशाच एका खड्ड्याचं आहे. गाव वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेजवळचं. गावाचं आणि ठेकेदाराचं नाव इथे देत नाही, त्याने मुद्द्यात काही फरक पडत नाही. विहिरी आणि तळ्यांची मोजमापं हे माझं काम, म्हणून ग्रामपंचायतीने बोलावलं. प्रश्न साधा विचारला होता: या खड्ड्याचं पाणी पिकाला वापरता येईल का?

खड्डा साधारण एक हेक्टरचा, म्हणजे अडीच एकर. खोली कुठे चार मीटर, कुठे त्याहून जास्त. चार मीटर धरले तरी चाळीस हजार घनमीटर माल निघाला. एका ब्रासमध्ये २.८३ घनमीटर बसतात, म्हणजे चौदा हजार ब्रासच्या आसपास. वरची हलकी माती एका बाजूला ढिगाने टाकलेली, खाली पिवळसर मुरूम आणि तळाला काही ठिकाणी काळा पक्का खडक उघडा पडलेला. वरच्या अंगाला गायरानाचा उतार, खालच्या अंगाला नाला, नाल्यापलीकडे कपाशी-तुरीची वावरं आणि त्यांच्या विहिरी. ही मांडणी ध्यानात ठेवावी, पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे.

गावात मतं बरीच होती. तरुण पोरांना मोटर बसवायची होती. दोघा-तिघांना मासे टाकायचे होते. गुराखी म्हणत होता की पाणी डोळ्यांसमोर आहे, पण ढोरांना उतरायला जागा नाही. बचत गटातल्या बायकांचं म्हणणं सगळ्यांत थेट होतं: तिन्ही बाजूंनी भिंत उभी, पोरं पोहायला जातात, एखादं बुडालं तर बाहेर कोण काढणार? हे म्हणणं कोणी खोडून काढू शकलं नाही. पावसाळ्यात अशा खदानींत मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो.

नाल्याकाठच्या एका शेतकऱ्याचं बोलणं मात्र सभेत कोणी फारसं मनावर घेतलं नाही. तो म्हणाला, “खदानीत पानी दिसते म्हून सारे खूश हायेत, पन माह्या हिरीचं पानी त दिवाळीलेच खाली गेलं.”

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य हेच.

पाणी नवं की विहिरीचंच?

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. हा खडक वरून झिजतो, कुजतो, भुसभुशीत होतो आणि त्याचाच मुरूम बनतो. खालचा पक्का खडक पाणी फारसं धरत नाही, भेगा-सांध्यांतून वाहील तेवढंच. आपल्या उघड्या विहिरींना पावसाळ्यानंतर जे पाणी लागतं, त्यातलं बरंचसं या कुजलेल्या थरात साठलेलं असतं. हा थर काही ठिकाणी दोन-चार मीटरचा, काही ठिकाणी दहा-पंधरा. पाऊस त्यात मुरतो आणि हळूहळू उताराने विहिरींकडे, नाल्याकडे सरकतो. नाला दिवाळीनंतरही वाहतो तो याच पाण्यावर.

मुरूम काढला म्हणजे हा साठवणीचा थर काढला. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की बाजूच्या थरातलं पाणी पाझरून त्यात येतं. वरून पाहणाऱ्याला वाटतं तळं भरलं. खरं तर जमिनीखालचंच पाणी उघड्यावर आलेलं असतं. पावसाचं वाहून येणारं पाणी आणि हे पाझरून आलेलं पाणी डोळ्यांना सारखंच दिसतं, म्हणून मोजावं लागतं.

मोजायला फार काही लागलं नाही. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप, टेप आणि चार विहिरींच्या काठावर रंगाने केलेल्या खुणा. एक विहीर खड्ड्याच्या वरच्या अंगाला, तीन खालच्या अंगाला. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते, आम्हीही तेच महिने धरले. पाऊस थांबल्यानंतर खड्ड्याची पातळी वरच्या विहिरीपेक्षा खाली आणि खालच्या विहिरींपेक्षा किंचित वर आली, अगदी उताराच्या रेषेत. विहिरी उतरल्या तसा खड्डाही उतरत गेला.

तरीही सभेत शंका निघाली असती, पण पुरावा आपणहून चालत आला. ठेकेदाराचे टँकर भरावावर पाणी मारण्यासाठी याच खड्ड्यातून पाणी उचलत होते. उपसा जोरात होता त्या दिवसांत खड्ड्याच्या लगतची विहीर झपाट्याने खाली गेली आणि टँकर थांबल्यावर थोडी सावरली. विहीरमालकाने ते स्वतः पाहिलं होतं, तारखांसह सांगितलं. त्या दिवसापासून त्याच्या बोलण्याला सभेत वजन आलं.

आता बाष्पीभवनाचा हिशेब. विदर्भात मे महिन्यात उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला बारा-चौदा मिलिमीटरपर्यंत उडतं. तळ्याचं त्याहून कमी, साधारण सात-आठ दशांश. नोव्हेंबर ते मे धरला तर सुमारे एक मीटर पाण्याचा थर हवेत जातो. एक हेक्टरवर एक मीटर म्हणजे दहा हजार घनमीटर, एक कोटी लिटर. एका एकराला पाच सेंटिमीटरचं एक संरक्षित पाणी (पावसाने ताण दिल्यावर पीक वाचवायला दिलेलं) द्यायचं तर दोन लाख लिटर लागतात. म्हणजे पन्नास एकरांना एक-एक पाणी देता आलं असतं, एवढं या एका खड्ड्यातून उन्हात उडू शकतं. खड्डा नसता तर हेच पाणी मुरमाच्या पोटात झाकलेलं राहिलं असतं. हा आकडा फळ्यावर मांडला तेव्हा मोटर बसवण्याची घाई जरा थांबली.

बाहेर काय केलं जातं

खडीच्या खाणींचे जलाशय करणं ही काही नवी कल्पना नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरच्या परिसरात साउथ प्लॅट नदीकाठच्या खाणी शहरांसाठी आणि शेतीसाठी पाणी साठवायला वापरतात. पण तिथे नुसता खड्डा भरू देत नाहीत. खाणीभोवती खालच्या घट्ट खडकापर्यंत चर खणून त्यात बेंटोनाइट चिकणमातीची भिंत उभी करतात, किंवा बाजूंना मातीचं अस्तर देतात. म्हणजे बाहेरचं भूजल आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. अस्तर नसलेल्या खाणीने भूजल उघडं पाडलं, तर जेवढं पाणी उडतं तेवढं नदीच्या पाण्यावर हक्क असलेल्यांना भरून द्यावं लागतं. त्या नाल्याकाठच्या शेतकऱ्याने जे बोलून दाखवलं, ते तिथे कायद्यात लिहिलेलं आहे.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ अ‍ॅटनबरो इथे १९२९ पासून वाळू-खडी काढत होते, तिथल्या खाणींच्या तळ्यांना १९६६ साली निसर्ग राखीव क्षेत्र केलं. कंठेरी चिखल्या हा छोटा पक्षी ब्रिटनमध्ये १९३८ साली पहिल्यांदा घरटं करताना आढळला आणि पुढच्या दशकांत खडीच्या खाणींच्या आधारानेच तिथे पसरला. हा चिखल्या आपलाही आहे. आपल्या नद्यांच्या गोट्यांत, उघड्या रेतीवर तो अंडी घालतो आणि या खड्ड्याच्या कोरड्या कडेलाही फिरताना दिसत होता.

तरी तिकडचं जसंच्या तसं इकडे आणता येत नाही. तिथली खडी नदीने आणून टाकलेली, शेजारी बारमाही नदी. आपल्याकडे मुरूम हा जागीच कुजलेला खडक आणि पाऊस चार महिन्यांचा. शिवाय शिकायचं तर घराजवळही आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मालगुजारी तलाव पाहा. कोहळी समाजाने बांधलेल्या त्या तलावांना एका अंगाला पाळ, म्हणजे मातीचा बांध, आणि दुसऱ्या अंगाला लांबच लांब उथळ उतार असतो. पाणी जसजसं मागे हटतं तसतसं त्या उतारावर गवत, देवधान, कमळं, बगळे, बदकं, चरणारी ढोरं यांची जागा बदलत राहते. तलावाचं जिवंतपण या उथळ काठात असतं. आपल्या मुरूम खदानींना नेमका तोच काठ नसतो.

बुलढाणा पॅटर्नचं नाव सभेत निघणारच होतं. महामार्गाच्या कामाला लागणारी माती-मुरूम नव्या खदानीतून न काढता जुने तलाव आणि नाले खोल करून काढायची, म्हणजे रस्त्याला माल आणि गावाला साठा, ही त्यामागची कल्पना. जुन्या तलावातला गाळ काढणं मला पूर्ण पटतं. नाला मात्र मुरमाचा थर संपेपर्यंत खोल करणं पटत नाही, कारण तिथेही तोच प्रश्न उभा राहतो: साठा वाढला, की शेजारच्या विहिरींचं पाणी नाल्यात ओढलं गेलं?

खड्ड्याचे दोन भाग

निर्णय घेण्याची संधी मिळाली ती ठेकेदाराच्या गरजेमुळे. त्याला आणखी माल हवा होता आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता. यंत्रं जागेवर होती. एकदा पोकलेन गावातून गेली की ती परत आणणं ग्रामपंचायतीच्या हातात राहत नाही, म्हणून जे घडवून घ्यायचं ते ठरावाच्या अटींमध्येच लिहून घ्यायला हवं होतं. सरपंचताईंनी हे सगळ्यांत आधी ओळखलं. खोली वाढवायची नाही, माल फक्त गायरानाकडच्या उतारातून घ्यायचा, म्हणजे उभी भिंत आपोआप कलती होईल, ही अट त्यांनी सुचवली. ठेकेदाराला माल मिळाला आणि गावाला काठ. ज्या गावांत खदान अजून चालू आहे, त्यांनी एवढी एक अट जरी घेतली तरी पुष्कळ काम होईल.

पुढचा वाद खड्ड्याचं करायचं काय यावर झाला. प्लास्टिक अंथरायची सूचना आली. शेततळ्यात ५०० मायक्रॉनची फिल्म टाकतात, तशी इथे टाकायची. एक हेक्टरला तो खर्च झेपणारा नव्हता, पण खर्च बाजूला ठेवला तरी मी विरोधच केला असता. प्लास्टिकच्या निसरड्या उतारावरून पाण्यात घसरलेलं जनावर वर येऊ शकत नाही, माणूसही येऊ शकत नाही. उघड्या गायरानात अशी जागा करणं धोक्याचं आहे. दुसरी सूचना खड्डा पूर्ण बुजवायची होती. त्यासाठी चौदा हजार ब्रास आणायचे कुठून?

शेवटी ठरलं ते असं. खड्ड्याचा साधारण तिसरा हिस्सा, जिथे तळाला पक्का खडक लागला होता तो, साठवणीसाठी ठेवायचा. उरलेला भाग ढिगाने पडलेल्या मातीने आणि टाकाऊ दगडाने इतका उंच करायचा की पावसाळ्यात त्यात गुडघा-कमरेएवढं पाणी राहील आणि हिवाळ्यात भूजल उतरलं की तो हळूहळू कोरडा होईल. दोहोंच्या मध्ये पाळ, तिचा पायाचा चर खडकापर्यंत. उन्हाळ्यात उघडं राहणारं पाणी त्यामुळे एक हेक्टरवरून पाऊण एकरावर आलं. साठवण लहान झाली म्हणून काही जण नाराज झाले, पण लहान आणि खोल साठा म्हणजे उडणारं पाणी कमी, हे गणित त्यांना मान्य करावं लागलं.

साठवणीच्या भागाला अस्तर काळ्या मातीचं. कोलोरॅडोत वापरतात त्या बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट, आणि आपली काळी माती ज्या खनिजांमुळे ओली झाली की फुगते ती त्याच कुळातली. फुगली की छिद्रं बंद होतात, पाणी अडतं. माती वावरातून काढायची नाही हे पहिल्यापासून पक्कं होतं. जवळच्या जुन्या पाझर तलावात गाळ साचला होता. बहुतेक गाळ शेतकऱ्यांनी वावरात नेला, त्यातला चिकण भाग इकडे आला. वीतभराहून कमी जाडीचे थर टाकायचे, ओल इतकीच की मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि हाताला चिकटू नये, आणि प्रत्येक थरावर भरावाचा रोलर फिरवायचा. एकूण जाडी दोन फूट धरली. वर फूटभर मुरमाचं पांघरूण, कारण काळी माती उघडी राहिली तर उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून पुढच्या वर्षीचं सगळं पाणी निघून जातं.

पाणी आणायचं ते गायरानाच्या उतारावरून आणि नाल्याच्या पुरातून. हे पाणी आधी गाळ बसवण्याच्या दोन छोट्या खड्ड्यांतून जातं, मग उथळ भागात, तिथून पाळीतल्या पाइपने साठवणीत. पुराचं गढूळ पाणी थेट उथळ भागात सोडलं असतं तर दोन-तीन वर्षांत तळावर चिकण थर बसून पाणी मुरणं बंद झालं असतं. जादा पाणी दगडी सांडव्यावरून परत नाल्यात. उथळ भागात साचलेलं पाणी आता भूजलाच्या वर उभं राहतं आणि खाली मुरतं. पूर्वी आजूबाजूच्या जमिनीतून खड्ड्याकडे येणारा ओघ निदान पावसाळ्याचे काही महिने तरी उलटा झाला.

साठवण भरली की तिच्यात सुमारे ऐंशी लाख लिटर पाणी मावतं. पण हे सगळं उपसायचं नाही. तळं पूर्ण रिकामं केलं तर अस्तर वाळून फाटतं. आणि पावसाळा सुरू झाल्यावर बाहेरचं भूजल वर चढतं, ते रिकाम्या तळ्याच्या अस्तराला खालून ढकलतं आणि उचलून टाकतं. आतल्या पाण्याचं वजनच अस्तराला जागेवर धरून ठेवतं. म्हणून मृग लागेपर्यंत निदान एक मीटर पाणी आत हवं. मार्च ते मे उडणारं पाणी धरलं, तर फेब्रुवारीअखेर दोन मीटर शिल्लक ठेवावं लागतं. मेच्या उन्हात, जेव्हा नाल्याचे डोह कोरडे असतात, तेव्हा रानातल्या जनावरांना हेच मीटरभर पाणी मिळतं. जनावरांसाठी पाणी राखा म्हटलं तर सभेत हात थोडेच वर झाले असते. अस्तर फाटेल म्हटल्यावर सगळ्यांना पटलं. दोन्ही कारणं खरी आहेत आणि मी दोन्ही तितक्याच ठासून सांगितली.

राखीव सोडून उरतं ते ऑक्टोबरातच उचललं तर वीस-बावीस एकरांना एक पाणी होतं. तूर फुलावर असताना किंवा कपाशीची बोंडं भरताना पावसाने ताण दिला, तर हे एक पाणी पीक वाचवतं. तेच पाणी फेब्रुवारीपर्यंत जपून ठेवलं तर सोळा-सतरा एकरांपुरतंच उरतं. म्हणून आमचा सल्ला साठवून ठेवण्याचा नव्हता, लवकर आणि गरजेला वापरण्याचा होता.

रोही, रानडुक्कर आणि काठ

सभा सर्वांत तापली ती रानातल्या जनावरांवरून. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं पीक किती खातात हे विदर्भातल्या शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. रात्ररात्र जागल करणाऱ्या माणसाला ‘वन्यजीवांसाठी अधिवास’ हे शब्द कसे लागतात, हे त्या सभेत मी पाहिलं. त्याचा राग खरा आहे आणि त्याला बाजूला सारून केलेलं कुठलंही संवर्धन टिकत नाही.

पण पाणी नाही म्हणून जनावरं येणार नाहीत असं नाही. ती येतातच, आणि पाणी शोधत वावरांतून, विहिरींच्या काठांवरून फिरतात. कठडा नसलेल्या विहिरीत पडतात. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला वाघ वावरं, नाले, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोचला होता. विदर्भातलं रान अभयारण्याच्या हद्दीत संपत नाही. ते नाल्याकाठच्या झुडपांतून आणि गायरानांतून चालूच असतं. तेव्हा जनावराला पाणी कुठे मिळावं हे गावाने ठरवलेलं बरं.

त्यावर तडजोड निघाली. जनावरांना उतरायची वाट फक्त गायरानाच्या बाजूने, तीन फूट आडवं गेलं की एक फूट खाली असा उतार. वावरांच्या बाजूला पाळीवर बोर आणि हिवराची दाट काटेरी ओळ, आणि ती वाढेपर्यंत तोडून आणलेल्या काट्यांचं कुंपण. गायरानावर पवन्या आणि मारवेल गवताचं बी टाकलं, म्हणजे ढोरांनाही चारा आणि रोह्यांना थांबायला जागा. याने नुकसान थांबलं असं मी म्हणणार नाही. नाल्यालगतच्या दोन शेतकऱ्यांची तक्रार अजून आहे आणि त्यांच्या बांधावर सौर कुंपणासाठी अर्ज केला आहे.

वरच्या अंगाच्या उभ्या भिंतीचा एक तुकडा मात्र मुद्दाम तसाच ठेवला, ज्याच्याखाली आता खोल पाणी नाही. मऊ मातीच्या अशा उभ्या भिंतीत वेडा राघू आणि धीवर बिळं करून अंडी घालतात. वरून कोणी पडू नये म्हणून कडेला दगडांचा बांध घातला.

झाडं लावण्याबाबत मला थोडं भांडावं लागलं. तळं म्हटलं की लगेच खड्डे खणून रोपं लावायची, हा उत्साह चांगला आहे, पण प्रत्येक उघडी जागा झाडांची नसते. टिटवी आणि कंठेरी चिखल्या दोघांनाही अंडी घालायला गोट्यांची मोकळी जमीन लागते. तिथे करंजांची रांग लावली तर सावली होईल, पक्षी जातील. म्हणून उथळ भागातला एक मुरमाड उंचवटा मोकळा सोडला, आणि फेब्रुवारी ते जून तिथे ट्रॅक्टर न्यायचा नाही असं ठरलं. पाण्याच्या कडेला वाळा आणि निर्गुडी लावली, माती धरून ठेवायला ती पुरेशी आहेत. बेशरमाचं झुडूप मात्र दिसलं की मुळासकट उपटायचं. एकदा ते काठावर पसरलं की उथळ पाणी गिळून टाकतं, हे पूर्व विदर्भातल्या तलावांनी भोगलं आहे.

मासे फक्त साठवणीत, रोहू-कटला-मृगळ. आफ्रिकन मांगूर नको, त्याच्यावर बंदी आहेच आणि पुरात तो नाल्यात गेला तर खालपर्यंत सगळं खाईल. उथळ भाग दर वर्षी कोरडा होतो आणि त्यात मासे टिकत नाहीत, हे चांगलंच आहे. बेडकांची पिल्लं, चतुरांच्या अळ्या अशाच पाण्यात निभावतात, आणि त्यांच्यावर पाणपक्षी.

आजची स्थिती

ठेकेदाराने दोन बाजूंचा उतार करून दिला, तिसरी अर्धी सोडून यंत्रं हलवली. ठरावात अट होती, पण अट पूर्ण झाल्याशिवाय शेवटचा मुरूम उचलू द्यायचा नाही असं कलम नव्हतं. ती बाजू पुढे ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून करून घेतली. ज्या गावाला असा ठराव लिहायचा आहे त्याने हे कलम आधी लिहावं. आणखी दोन गोष्टी लिहाव्यात: वरची माती वेगळी रचून ठेवायची, आणि भूजल लागलं की त्याच पातळीवर खोदणं थांबवायचं.

नाल्याकाठच्या त्या विहिरीचं पाणी आता दिवाळीच्या पुढे टिकतं, पण त्यातला किती भाग पाळीचा आणि किती चांगल्या पावसाचा, हे सांगायला आणखी काही वर्षांची मोजणी लागेल. विहिरींवरच्या खुणा त्यासाठी दर वर्षी नव्याने रंगवतो. साठवणीचं अस्तर एका कोपऱ्यात पाझरतं, तिथे पुन्हा माती दाबावी लागणार आहे. उथळ भागात हिवाळ्यात हळदी-कुंकू बदकं, शेकाटे, पाणलावे, धोबी उतरतात, टिबुकली साठवणीत कायमची राहिली आहे. उताराच्या ओल्या मातीत कोल्ह्याचे, सशाचे, रोह्याचे माग रोज उमटतात. गुराखी ढोरं घेऊन दुपारी येतो, रानातली जनावरं पहाटे.

गणपती विसर्जनाचा प्रश्न नव्याने आला. जवळ पाणी आहे म्हणून प्लास्टरच्या मूर्ती इथेच सोडायची मागणी झाली. त्यासाठी वेगळा छोटा खड्डा केला आणि मंडळांनी तो मान्य केला.

मोटरवरचा वाद मिटलेला नाही. दोन मीटरची खूण दगडावर लाल रंगाने केली आहे, तिच्याखाली उपसा बंद असं ग्रामसभेने ठरवलं. पण हरभऱ्याचं शेवटचं पाणी नेमकं त्याच दिवसांत लागतं आणि ज्यांची वावरं तळ्याला लागून आहेत त्यांना थांबणं जड जातं. येत्या ग्रामसभेत दोन प्रस्ताव आहेत. एक, मोटरची किल्ली पाणी समितीकडे ठेवायची. दुसरा, लगतच्या शेतकऱ्यांना ऑक्टोबरातच पहिला हक्क द्यायचा आणि त्या बदल्यात त्यांनी उन्हाळ्याचा राखीव साठा सांभाळायचा. मी दुसऱ्याच्या बाजूने बोलणार आहे. गाळ बसवण्याचे खड्डे मृगाआधी उपसायचं कामही त्याच सभेत वाटून द्यायचं आहे, कारण गेल्या वर्षी ते कोणाच्याच वाट्याला नव्हतं.